अँड्रॉइड १६ चं अपडेट आलंय. माझ्या आणि वडिलांच्या फोनला करावं का? नवीन काय आहे त्यात?

करा. आणि आधी वडिलांच्या फोनला करा, तुमच्याचं नंतर बघता येईल.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही पुण्याला, वडील गावाकडं, दोघांच्याही फोनवर ‘अपडेट उपलब्ध’ म्हणून येऊन पडलंय आणि वडील म्हणायलेत, ‘चालू फोनला कशाला छेडायचं’. हे वाक्य मी काउंटरच्या पलीकडून रोज ऐकतो. वसमतला माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. हळदीचे पैसे हातात आले की माणूस नवा फोन घेतो आणि जुना घरातल्या कुणाला तरी जातो. त्या जुन्या फोनला पुढं कोणी अपडेट करत नाही. मग एक दिवस खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज येतो आणि माणूस बँकेच्या आधी माझ्याकडं येतो.

दिसणारे बदल आधी उरकून घेतो, कारण त्यात विशेष काही नाही. अँड्रॉइड १६ गूगलच्या पिक्सेल फोनला १० जून २०२५ ला आलं, बाकी कंपन्यांनी नंतर आपापल्या पद्धतीनं दिलं. एका ॲपच्या ढीगभर नोटिफिकेशन आता आपोआप एकत्र गोळा होतात. जेवण मागवलं किंवा गाडी बुक केली की ती कुठवर आली त्याची पट्टी वरच दिसत राहते. पुण्यात तुम्हाला ती उपयोगी पडेल, वसमतला आम्ही गाडीवाल्याला फोन करून विचारतो. कानाचं मशीन ब्लूटूथवर चालणारं आणि नव्या पद्धतीचं असेल, तर बोलताना मशीनच्या माइकऐवजी फोनचा माइक वापरता येतो. गोंगाटात त्याचा फरक पडतो. रंगरूप, आयकॉन, ॲनिमेशन हे सगळं कंपनी स्वतःचं लावते, त्यामुळं यूट्यूबवर एका फोनचं बघून आपल्या फोनला तसंच दिसेल असं धरू नका.

आकड्यांचा घोळ पण समजून घ्या. सॅमसंगला अँड्रॉइड १६ ‘वन यूआय ८’ या नावानं येतं. शाओमी, रेडमीला ‘हायपर ओएस’ असतं आणि तिथं एकाच आकड्याचं हायपर ओएस एका फोनवर नव्या अँड्रॉइडवर तर दुसऱ्यावर जुन्या अँड्रॉइडवर चालतं. म्हणून नावावर जाऊ नका. सेटिंगमध्ये ‘फोनबद्दल’ उघडा, ‘अँड्रॉइड आवृत्ती’ बघा आणि तिथंच आसपास सुरक्षा अपडेटची तारीख असते ती बघा. ती तारीख वर्षभर जुनी असेल तर नवीन काय आहे हे विचारायच्या आधीच अपडेट करायला पाहिजे.

आता वडिलांच्या कामाचं. आपल्याकडं सध्या फसवणूक कशी होते ते तुम्हाला माहीत असेल. व्हॉट्सॲपवर फाइल येते. नाव असतं पीएम किसान, नाहीतर आरटीओ चलान, नाहीतर लग्नपत्रिका. ती ओळखीच्याच नंबरवरून येते, कारण त्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो. दुकानात आलेल्या एका काकांच्या फोनमध्ये पत्रिकेची फाइल मी उघडून दाखवली. नावात मुलाचं नाव, मुलीचं नाव, सगळं व्यवस्थित, फक्त शेवटी टिंब देऊन ‘एपीके’. पत्रिका फोटो असते नाहीतर पीडीएफ असते. एपीके म्हणजे ॲप. काका म्हणाले, ‘मला वाटलं उघडंना म्हणून दोनदा दाबलो.’ ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, माणूस ‘हो’ दाबतो, आणि मग ओटीपी तुमच्या आधी चोराला दिसतो. फाइल उघडत नसली की पाठोपाठ फोन येतो. समोरचा गोड आवाजात ‘आता इथं दाबा, आता तिथं दाबा’ करत सगळं करून घेतो.

अँड्रॉइड १६ मध्ये नेमकं या कॉलवर बोट ठेवलंय. कॉन्टॅक्टमध्ये नसलेल्या नंबरशी बोलणं चालू असताना व्हॉट्सॲप किंवा ब्राउझरमधून पहिल्यांदाच प्ले स्टोअरच्या बाहेरचं ॲप टाकायला गेलं, तर फोन अडवतो. नुकत्याच टाकलेल्या ॲपला ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी द्यायला गेलं तरी अडवतो. ही परवानगी अंध किंवा अपंग माणसांच्या सोयीसाठी आहे. ती मिळालेलं ॲप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि स्वतः बटणं दाबू शकतं, म्हणून चोराला तीच पाहिजे असते. प्ले प्रोटेक्ट म्हणजे फोनमधली ॲप तपासणारी गूगलची राखण. ‘ते बंद करा’ असं समोरच्यानं सांगितलं, तर बोलणं चालू असेपर्यंत तेही होत नाही. हे शेवटचं जुन्या अँड्रॉइडवर पण चालतं.

यात दोन भोकं आहेत. एक, हे बोलणं चालू असेपर्यंतच. ‘फोन ठेवा, दाबा आणि मला परत लावा’ असं कोणी सांगितलं तर हा पहारा नाही. दुसरं, व्हॉट्सॲपला बाहेरचं ॲप टाकायची परवानगी कोणीतरी आधीच देऊन ठेवली असेल तर ‘पहिल्यांदाच’ हा प्रश्नच उरत नाही. आणि ती बऱ्याच फोनमध्ये दिलेली असते, पोरांनी गेम टाकण्यासाठी. म्हणून अपडेट झाल्यावर सेटिंगच्या शोधायच्या पट्टीत ‘अनोळखी ॲप’ असं लिहा. जी यादी येईल त्यात व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर, सगळ्यांसमोर बंद करा. अपडेट येवो न येवो, हे प्रत्येक फोनवर करता येतं. माझ्या मते वडिलांच्या फोनवर एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ती हीच.

वडिलांचा फोन अँड्रॉइड १४ वरून थेट १६ वर जाणार असेल तर १५ मधलं पण सोबत मिळतं, आणि त्यातलं काही मला १६ पेक्षा जास्त आवडलं. ओटीपीची नोटिफिकेशन आता भलत्या ॲपला वाचता येत नाही, आणि स्क्रीन शेअर चालू असताना समोरच्याला नोटिफिकेशनमधला मजकूर आणि तुम्ही टाकत असलेला पासवर्ड दिसत नाही. ‘बँकेतून बोलतोय, स्क्रीन शेअर करा’ वाल्यांची त्यानं बरीच अडचण होते.

१५ पासून चोरीच्या फोनचं कुलूपही घट्ट झालंय. पूर्वी फोन रिसेट मारून, सुरुवातीची सेटिंग कुठल्यातरी आडवाटेनं ओलांडून तो चालू करता यायचा. आता तसं ओलांडलं तरी जुनं गूगल खातं टाकल्याशिवाय फोन सुटत नाही. आठवडी बाजारात खिशातून गेलेला फोन चोराच्या फारसा कामाचा राहत नाही हे खरं. पण रिपेअरवाला म्हणून सांगतो, या कुलपात चोरापेक्षा मालकच जास्त अडकायलेत. खेड्यातल्या कितीतरी फोनवरचं जीमेल खातं फोन घेताना दुकानातल्या पोरानं काढून दिलेलं असतं. पासवर्ड त्यानंच ठरवलेला, कुणाला आठवत नाही, आणि रिकव्हरीला दिलेलं सिम कधीच बंद पडलेलं. पॅटर्न विसरला, नातवानं चुकीचा टाकून टाकून फोन लॉक केला, रिसेट मारावा लागला, की स्वतःचाच फोन स्वतःला उघडत नाही. बिल आणि खोका असला तर सर्व्हिस सेंटरला काहीतरी सोय होते. खोका लोकांनी बी-बियाणं ठेवायला वापरलेला असतो.

म्हणून अपडेटच्या आधी वडिलांच्या फोनवर कोणतं खातं आहे ते बघा. पासवर्ड नवा करा, रिकव्हरीला तुमचा स्वतःचा नंबर द्या आणि घरच्या डायरीत लिहून ठेवा. लिहून ठेवू नका म्हणणारे शहाणे भेटतील. गावात घरातल्या डायरीतून पासवर्ड चोरीला गेल्याचं मी अजून ऐकलं नाही. जाता जाता *#०६# दाबून आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, पण त्याच पानावर लिहा. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तो नंबर ब्लॉक करता येतो.

१६ मध्ये ‘ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन’ नावाचं एक बटण आलंय. जिथं दिसेल तिथं ते एकदाच दाबलं की बाहेरचं ॲप टाकणं बंद, प्ले प्रोटेक्ट कायम चालू, तीन दिवस कुलूपबंद पडून राहिलेला फोन स्वतःहून रिस्टार्ट, असं सगळं एकदम लागू होतं. ऐकायला बेस्ट. पण त्यात २जी पण बंद होतं. २जीमध्ये टॉवर खरा आहे का हे फोन तपासत नाही, त्यामुळं नकली टॉवर लावून मेसेज पाठवता येतात, म्हणून बंद करतात. कारण बरोबर आहे. तुमच्या वडिलांचं सिम बीएसएनएलचं असेल आणि शेतात ४जी पोचत नसेल, तर मात्र शिवारात फोनच लागणार नाही. जिओला २जी नाहीच, त्यांना फरक पडत नाही. बटण दाबायचंच असेल तर पुढच्या वेळी गावाला गेलात की दाबा आणि विहिरीपाशी उभं राहून एक कॉल लावून बघा. पुण्यात बसून फोनवरून सांगू नका. तुमच्या स्वतःच्या फोनला खुशाल दाबा.

एक गोष्ट या अपडेटमधली नाही, पण फोन हातात घेतलाच आहे तर बघून घ्या, ती म्हणजे भूकंपाची सूचना. भारतात अँड्रॉइडवर ही सोय सप्टेंबर २०२३ ला आली. हलायचं-डुलायचं ओळखणारा सेन्सर फोनमध्ये असतोच. टेबलावर पडलेल्या फोनला जमिनीचा पहिला बारीक हादरा कळतो, तो गूगलकडं कळवतो, एका भागातल्या भरपूर फोननी एकदम तेच कळवलं की पुढच्या भागातल्या लोकांना सूचना जाते. इंटरनेट हादऱ्यापेक्षा लवकर पोचतं, तेवढ्या काही सेकंदांचा हा खेळ. आमच्या हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ ला आणि पुन्हा १० जुलै २०२४ ला सकाळी ४.५ चे धक्के बसले, तेव्हापासून दुकानात हा प्रश्न येतो. खरं सांगायचं तर केंद्राच्या अगदी जवळ असाल तर सूचना आणि हादरा सोबतच येणार. आणि सूचना ४.५ किंवा त्याच्या पुढच्या भूकंपालाच असते, त्यामुळं पांगरा शिंदे गावाकडं जमिनीतून आवाज येतात त्याला फोन वाजणार नाही. तरीपण चालू ठेवा. किल्लारीची पहाट बघितलेली माणसं अजून घराघरात आहेत, त्यांना समजवावं लागत नाही. सेटिंगमध्ये ‘भूकंप’ असं शोधलं की सापडतं.

तसंच ‘दामिनी’. वीज कुठं पडायलीय ते सांगणारं हे ॲप पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं आहे. बरेच दिवस उघडलं नाही की अँड्रॉइड त्या ॲपची परवानगी स्वतःहून काढून घेतं, आणि कंपनीची बॅटरी सेव्हिंग त्याला मागं झोपवते. अपडेटनंतर त्याची लोकेशनची परवानगी ‘नेहमी’वर आहे का बघा आणि बॅटरीच्या बंधनातून त्याला सोडवा. मृगाच्या आधी हे झालेलं बरं.

अपडेट करताना फार तयारी लागत नाही. फोटो आणि कॉन्टॅक्टचा बॅकअप, मोकळी जागा आणि बऱ्यापैकी चार्ज. लाईट गेली तर काय, हे सगळे विचारतात. डाउनलोड थांबलं तर नंतर पुढं चालू होतं. आता बहुतेक फोनमध्ये नवं अँड्रॉइड बाजूच्या वेगळ्या जागेत बसवलं जातं आणि रिस्टार्टला फक्त तिकडं उडी मारली जाते. नवीन नीट चालू झालं नाही तर फोन जुन्यावर परत येतो. मात्र मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली, चार्जिंगला लावून, जाड कव्हरसकट अपडेट मारू नका. संध्याकाळी करा. आणि पहिले काही दिवस बॅटरी लवकर उतरली तर लगेच शिव्या देऊ नका, मागं ॲप्सची नव्यानं जुळवाजुळव चालू असते. आठवड्यानंतरही तसंच असेल तर मग बघू.

‘अपडेट केलं आणि स्क्रीनवर हिरवी रेघ आली’ हे तुम्ही ऐकलं असेल, माझ्याकडंही असे फोन येतात. रेघ म्हणजे स्क्रीनच्या पॅनलमधला किंवा त्याला जोडणाऱ्या पट्टीतला बिघाड असतो, रिसेट मारून ती जात नाही, डिस्प्लेच बदलावा लागतो. वॉरंटी संपलेली असली तरी आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, काही मॉडेलला कंपन्यांनी डिस्प्ले फुकट बदलून दिलेत. मगच माझ्यासारख्याकडं या.

तुमचं मॉडेल तुम्ही लिहिलंय, वडिलांचं नाही. ते कमेंटमध्ये टाका. फार जुना असेल आणि १६ त्याला येणारच नसेल, तर ‘अनोळखी ॲप’ची यादी बंद करणं, प्ले प्रोटेक्ट चालू ठेवणं आणि खात्याचा पासवर्ड, ही तीन कामं त्या फोनवर पण होतात. भारतात प्ले प्रोटेक्ट आता व्हॉट्सॲप किंवा ब्राउझरमधून आलेलं आणि एसएमएस वाचायची परवानगी मागणारं ॲप टाकतानाच अडवतं, त्याला अँड्रॉइड नवीन लागत नाही. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन लावा, दुकानात नंतर या.