प्रीमियर पद्मिनी गाडीचं इंजिन बसलं म्हणून लगेच बदलू नकोस

भावा, गाडी घेऊन महिना नाही झाला आणि इंजिन गेलं, वाईट वाटणारच. पण आधी ते खरंच गेलंय का बघ. चारही स्पार्क प्लग काढून कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) तपास, ऑइलचा रंग दुधाळ झाला असेल तर पाणी मिसळलंय, बरेचदा हेड गॅस्केटच (हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलेलं असतं. जाम असेल तर प्लगच्या भोकातून थोडं पातळ ऑइल सोडून दोन-तीन दिवस ठेव आणि मग हाताने फिरवून बघ, सेल्फ (स्टार्टर) अजिबात मारू नको, आत काही अडकलं असेल तर जास्त वाट लागते.

१०८९ सीसीचं साधं इंजिन आहे हे, ब्लॉक क्रॅक नसेल तर बोरिंग करून (सिलेंडर थोडे मोठे कापून) ओव्हरसाइझ पिस्टन टाकून आणि क्रँकशाफ्ट ग्राइंड करून (घासून गुळगुळीत करून) परत उभं राहतं. मी तरी तेच करेन, कारण आरसीवरचा इंजिन नंबर तोच राहतो.

बदलायचंच असेल तर मुंबईच्या टॅक्सीतून निघालेलं इंजिन जपून घे, २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या पण ती इंजिनं भयंकर पळालेली असतात. चालू करून दाखव म्हणायचं, गरम झाल्यावर ऑइल प्रेशर बघायचं. बिल घेच, नवा नंबर आरटीओत चढवावा लागतो. जुना ब्लॉक भंगारात देऊ नकोस प्लीज!

आणि इंजिन बाहेर आहे तोवर रेडिएटर साफ करून घे, क्लच प्लेट आणि माउंटिंग पण बघ, नाहीतर नवीन इंजिन पण तापून बसेल. पहिले हजार किलोमीटर हळू चालव.