घरची भरवशाची गाडी देऊन जुनी वेगवान गाडी घ्यावी का?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : माझ्याकडे २०१९ ची बलेनो आहे. साठ हजार किलोमीटर झाले, पण तिने आजवर एकदाही रस्त्यात थांबवलेले नाही. कोथरूडहून हिंजवडीला जाऊन-येऊन रोज सुमारे ३४ किलोमीटर होतात. कॉलेजात असताना पहिली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस रस्त्यावर पाहिली, तेव्हापासून ती गाडी डोक्यातून गेलेली नाही. आता २०१७ ची ऑक्टाव्हिया व्हीआरएस (आरएसलाच व्हीआरएसही म्हणतात) १७ लाखांना मिळते आहे. ती ५८ हजार किलोमीटर चालली असून दोन मालकांकडे होती. 'स्टेज वन' ट्यूनिंग केले आहे, त्यामुळे ताकद आणखी वाढली आहे, असे विकणारा सांगतो. बलेनोचे साडेपाच लाख येतील, उरलेले बचतीतून घालीन. घरात दुसरी चारचाकी नाही. पत्नीही बलेनोच चालवते आणि आईचे गुडघे दुखतात. हा व्यवहार करावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : गाडी जरूर घ्यावी, पण बलेनो विकून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही गाड्या ठेवणे परवडणार असेल तर पुढे वाचा. परवडणार नसेल तर वेगळा पर्याय शेवटी सुचवला आहे.

प्रथम आपल्या आवडीविषयी. ती मुळीच अनाठायी नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये २४ लाख ६२ हजार रुपयांना आलेल्या या गाडीत २ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस (अश्वशक्तीचे एकक) ताकद आणि सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स होता. पाच माणसे, त्यांचे सगळे सामान आणि वर हा वेग, असा मेळ त्या किमतीत दुसऱ्या कोणी दिला नव्हता. २०२० मधली २४५ पीएसची आवृत्ती ३५ लाख ९९ हजारांना आली, तीही फक्त २०० गाड्यांपुरती, आणि ऑक्टोबर २०२५ मधली नवी आरएस ४९ लाख ९९ हजारांवर जाऊन अवघ्या १०० गाड्यांत संपली. नवी इतकी महाग आणि दुर्मीळ झाल्यामुळेच जुन्या व्हीआरएसची किंमत टिकून आहे. १७ लाख हा आकडा त्यामुळे अवाजवी वाटत नाही, मात्र तो चांगल्या राखलेल्या गाडीचा भाव आहे आणि ही गाडी तशी आहे का, हे अजून ठरायचे आहे.

रोजच्या वापराबद्दल मला खरी काळजी वाटते. चांदणी चौक आणि हिंजवडीच्या कोंडीत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अर्धा-पाऊण तास सरपटत राहते आणि डीएसजीच्या क्लचला याहून वाईट काम नाही. व्हीआरएसचा गिअरबॉक्स तेलात बुडालेल्या क्लचचा आहे, त्यामुळे साध्या १.८ ऑक्टाव्हियातल्या कोरड्या क्लचच्या सात गिअरच्या डीएसजीपेक्षा तो पुष्कळच टिकाऊ आहे, हे मान्य. पण त्याचे तेल आणि फिल्टर दर ६० हजार किलोमीटरला बदलावेच लागतात आणि आपण पाहत असलेली गाडी नेमकी त्याच उंबरठ्यावर उभी आहे. शिवाय २२५/४० आर १८ मापाच्या टायरची भिंत इतकी कमी उंचीची असते की पावसाळ्यातला एक खोल खड्डा टायर आणि अलॉय दोन्हींचा निकाल लावतो. चांगल्या कंपनीच्या चार टायरांना साधारण साठ हजारांच्या पुढे पैसे मोजावे लागतात. सोसायटीच्या तळघरातला उतार आणि फाटकापाशी असलेला गतिरोधक या गाडीने पार करून पाहिल्याशिवाय व्यवहाराचे बोलूच नये. आईंना बसता-उठता किती वाकावे लागते, हेही त्याच फेरीत कळेल.

पेट्रोलचा हिशेब मांडू. महिन्याला आपले कामाचे साडेसातशे किलोमीटर होतात. कोंडीत बलेनो लिटरमागे चौदा आणि व्हीआरएस आठ किलोमीटर देते असे धरले, तर दर महिन्याला चाळीस लिटर पेट्रोल जास्त लागेल, म्हणजे चार हजार रुपयांच्या पुढे खर्च वाढेल. विम्यातला सक्तीचा तृतीय पक्षाचा हप्ताही १५०० सीसीच्या वरच्या गाडीला ७,८९७ रुपये आहे, तर बलेनोला तो ३,४१६ रुपये बसतो. खरा फरक मात्र नुकसानभरपाईत पडतो. पाच वर्षांनंतर गाडीची विमा रक्कम ठरलेल्या तक्त्याने निघत नाही, ती कंपनीशी बोलून ठरवावी लागते. झिरो डेप्रिसिएशनचे संरक्षण या वयाच्या गाडीला बहुधा मिळत नाही आणि ते नसेल तर प्लास्टिक व रबराच्या भागांची निम्मीच किंमत हाती येते. बंपर आणि हेडलाइट हेच अपघातात आधी फुटतात आणि व्हीआरएसचे हे भाग साध्या ऑक्टाव्हियाहून वेगळे असल्याने मागवून घ्यावे लागतात. इंजिनाचे तसे नाही. हेच इंजिन थोड्याफार फरकाने सुपर्ब, कोडियाक आणि टिग्वानमध्ये आल्यामुळे त्याचे भाग आणि त्यावर हात बसलेले मेकॅनिक पुण्यात सहज सापडतात.

आता 'स्टेज वन'विषयी. विकणारा ज्याला गुण म्हणतो आहे, त्यासाठी मी किंमत कमी करून मागेन. इंजिनाच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलून टर्बोचा दाब वाढवला की ताकद वाढते, पण मधल्या काळात क्लचवर, टर्बोवर आणि स्पार्क प्लगवर किती भार पडला याची नोंद कुठेही राहत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीच्या मूळ तपशिलात नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बदल करता येत नाही आणि दाव्याच्या वेळी विमा कंपनीला नाही म्हणायला हे कारण पुरते. ट्यूनिंग कोणी केले, केव्हा केले आणि मूळ प्रोग्रॅमची फाइल जपून ठेवली आहे का, हे विचारा. मूळ फाइल परत टाकून द्यायला विकणारा तयार असेल तर बोलणी पुढे न्या.

तपासणी विकणाऱ्याच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये करू नका. फोक्सवॅगन-स्कोडाचीच कामे करणारा स्वतंत्र मेकॅनिक गाठा आणि गाडी आदल्या रात्रीपासून बंद राहील अशी आधीच अट घाला. आपण पोहोचण्यापूर्वीच इंजिन तापवून ठेवलेले असेल तर त्या दिवशी तपासणी न करताच माघारी या. थंड इंजिन सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत इंजिनाच्या आतल्या साखळीचा खडखडाट येतो का, ते बॉनेट उघडून, कान देऊन ऐका. मग लिफ्टवर चढवून खालचे प्लास्टिकचे आवरण काढायला लावा. या इंजिनात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचे कवच प्लास्टिकचे असते. उष्णतेने ते तडकते आणि कूलंट थेंब-थेंब गळून खाली गुलाबीसर, पांढुरका थर धरतो. हा थर पुसून टाकलेला असला तरी सांध्यांत आणि आवरणाच्या कडांना राहिलेला दिसतो. टायरच्या बाजूवर उठवलेले चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. टायरची आतली कड हाताने चाचपा. बाहेरून नक्षी शाबूत आणि आतून टायर गुळगुळीत असेल, तर सस्पेन्शनचे बुश गेलेले आहेत किंवा गाडी कधीतरी जोरात आपटलेली आहे. शेवटी चांगल्या स्कॅनरने फक्त इंजिनाचेच नव्हे, गिअरबॉक्स, एबीएस आणि एअरबॅगचेही बिघाडाचे कोड वाचून घ्या. सगळीकडे पाटी कोरी आढळली आणि कोड नुकतेच पुसल्याचे दिसले, तर किमान शंभर किलोमीटर चालवून पुन्हा वाचन करा.

कागदांत मी सर्वांत आधी दुसऱ्या मालकाच्या काळातली ऑइलची बिले मागेन. कंपनीच्या वेळापत्रकापेक्षा लवकर ऑइल बदलणारा मालक असेल, तर ७० हजार किलोमीटर झालेली गाडीही मी आनंदाने घेईन. बिले नसतील तर ४० हजारांचीही नको. अशा गाडीत आपण आधीच्या मालकाची शिस्त विकत घेत असतो आणि ती शिस्त नसेल तर किमतीतली एक-दीड लाखाची सूट पहिल्या वर्षातच गॅरेजमध्ये जाते.

म्हणून हिशेब असा करा. गाडीच्या किमतीशिवाय अडीच ते तीन लाख रुपये हात न लावता बाजूला ठेवता आले पाहिजेत आणि बलेनो घरात राहिली पाहिजे. व्हीआरएस आठ दिवस भागाची वाट पाहत गॅरेजमध्ये उभी राहिली, तर पत्नीचे कामाला जाणे आणि आईंची दवाखान्याची वेळ चुकता कामा नये. हे जमत असेल तर रविवारी पहाटे ताम्हिणीतून माणगावला उतरताना ही गाडी जो आनंद देईल, तो आपण इतकी वर्षे वाट पाहून मिळवलेला असेल आणि त्याबद्दल मनात अपराधी वाटून घेण्याचे काही कारण नाही.

जमत नसेल आणि एकच गाडी ठेवायची असेल, तर व्हीआरएसचा विचार आज बाजूला ठेवून २०२२ नंतरची, १.५ टीएसआय इंजिनाची फोक्सवॅगन व्हर्टस किंवा स्कोडा स्लाव्हिया पाहा. दोन्ही चाकणला तयार होतात, १५० पीएस देतात, जमिनीपासून पुरेशा उंच आहेत आणि भाग सहज मिळतात. व्हीआरएसची मजा त्यांत नाही, हे मी लपवणार नाही. पण या दोन्हींतली कोणतीही गाडी सोमवारीही घराच्या कामी येते.

प्रश्न : वय २६, अविवाहित. वडिलांची वॅगनआर घरात आहेच. मला २०१६ ची फियाट अबार्थ पुंटो घ्यायची आहे. वडील म्हणतात, जी कंपनी देशात गाड्या विकायचीच थांबली, तिची गाडी घेऊन भागांसाठी कुठे फिरणार? नोकरी घरापासून तीन किलोमीटरवर आहे आणि गाडी मुख्यतः सुटीत गगनबावडा, आंबोलीकडे जायला लागेल.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपली परिस्थिती वरच्या वाचकाहून पुष्कळ सोपी आहे आणि मी आपल्याला हो म्हणेन. ऑक्टोबर २०१५ मध्ये ९ लाख ९५ हजारांना आलेल्या या गाडीत १.४ लिटरचे टी-जेट इंजिन १४५ अश्वशक्ती देते, चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत आणि हायड्रॉलिक स्टिअरिंगमधून रस्ता जसा हाताला कळतो, तसा आजच्या गाड्यांत कळत नाही. पुण्याजवळ रांजणगावला तयार झालेली ही गाडी घाटात चालवण्यासाठीच जन्मली, असे मला मनापासून वाटते.

वडिलांची शंका मात्र खरी आहे. फिल्टर, ब्रेक पॅड, बेल्ट, सस्पेन्शनचे भाग यांची सोय होते. अडचण आहे ती बंपर, दिवे आणि दरवाजांसारख्या भागांची, कारण ते शोधण्यात आठवडे जातात. त्यामुळे अपघातात सापडलेली किंवा पॅनेल बदललेली अबार्थ कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. या इंजिनाला टायमिंग बेल्ट असतो. तो बदलल्याचे बिल दाखवता आले नाही, तर गाडी घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदलून टाका, कारण चालू इंजिनात बेल्ट तुटला तर झडपा वाकतात. एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्या वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलसाठी बनवलेल्या नाहीत. म्हणून इंधनाच्या रबरी नळ्याही त्याच वेळी पाहून घ्या आणि गाडी टाकीत तेच पेट्रोल ठेवून महिनोन्‌महिने उभी करू नका.

वडिलांना एकदा शेजारी बसवून करूळ घाटातून फिरवून आणा. मग त्यांच्याशी बोला.

प्रश्न : दिल्लीत व्हीआरएस आणि तत्सम गाड्या आपल्याकडच्यापेक्षा दोन-अडीच लाखांनी स्वस्त दिसतात. तिथून आणणे फायद्याचे ठरेल का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : बहुतेक वेळा नाही. दिल्लीत १५ वर्षांवरच्या पेट्रोल आणि १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार असल्याने तिथले मालक लवकर विकतात आणि भाव पडतात. पण गाडी कायमची महाराष्ट्रात आणली की इथला कर भरावा लागतो. वीस लाखांवरच्या खासगी पेट्रोल गाडीला त्याचा दर १३ टक्के असून गाडीच्या वयानुसार त्यात घट होते. २४-२५ लाखांच्या मूळ किमतीवर हा आकडा वय वजा करूनही लाखाच्या पुढे सहज जातो. दिल्लीत भरलेल्या कराचा परतावा मूळ मालकाच्या अर्जाने निघतो आणि त्याला वेळ लागतो. वाहतूक, तपासणीसाठीचा प्रवास आणि एजंटचे पैसे धरले, तर फरक जवळजवळ मिटतो.

तरीही तिथून आणायचीच असेल, तर नमुना २८ वरचे ना हरकत प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. कर्ज असल्यास बँकेच्या सहीचा नमुना ३५ आणि हस्तांतरणाचे नमुना २९ व ३० सोबतच घ्या. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसलेली आहे का, तेही पाहा, कारण ती नसेल तर आरटीओतील पुढची कामे अडतात. गाडी पाहायला जाल तेव्हा पुढचे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. पुरात बुडालेल्या गाडीची गादी बदलता येते, पण बेल्टच्या गुंडाळीतल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावरचा गाळाचा डाग सहसा कोणी धुवत नाही. विक्रेत्याचा 'नो क्लेम बोनस' त्याचाच असतो, तो गाडीबरोबर आपल्याला मिळत नाही. विमा मात्र खरेदीनंतर १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा.