ताप ९९ आहे, मग ॲडमिट कशाला?

तुमचे बाबा ७४ वर्षांचे, पाच दिवस खोकला, एक्स-रेत उजव्या फुफ्फुसात खाली पॅच, म्हणजे न्यूमोनियाचा डाग. डॉक्टर ॲडमिट करा म्हणतात आणि घरचे म्हणतात, ताप तर ९९ आहे, वाफ घेतली की उतरेल. एवढं गंभीर आहे का, हा तुमचा प्रश्न.

ताप राहू दे, आधी श्वास मोजा. बाबा टीव्ही बघत असताना, त्यांना न सांगता (सांगितलं की माणूस मुद्दाम सावकाश श्वास घेतो), घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट. मोठ्या माणसाचा १२ ते २० ठीक. तिशीला टेकला तर माझं पुढचं वाचत बसू नका, निघा.

मला हे उशिरा कळलं. आमची आई, सदाशिव पेठेत जन्म गेलेली. खोकल्याच्या तिसऱ्या रात्री उठून बसली, मला मामाच्या नावाने हाक मारली आणि विचारलं, "पानशेतचं पाणी उतरलं का रे?" १९६१ च्या पुरात ती शाळकरी पोर होती. आम्ही हसलो. वय झालं, दुसरं काय! अंग तर गार होतं. सकाळी शेजारच्या नर्सबाईंनी पांघरुणाकडे बघत श्वास मोजला: ३४. ऑक्सिजन ८७. म्हातारपणी कधीकधी ताप चढतच नाही, माणूस एकदम बरळायला लागतो तेच लक्षण असतं.

फुफ्फुसातल्या बारीक वायुकोशांत पू-पाणी भरलं की ऑक्सिजन रक्तात उतरत नाही. वाफेने नाक-घसा मोकळा होतो, पण हे पाणी काही हटत नाही. डॉक्टर गांभीर्य ठरवायला कर्ब-६५ (CURB-65) नावाचा हिशेब करतात: बरळणं, रक्तातलं वाढलेलं युरिया, श्वास ३० किंवा जास्त, बीपी वरचं ९० च्या खाली किंवा खालचं ६० पर्यंत उतरलेलं, वय ६५ किंवा पुढे. प्रत्येकाला एक गुण. दोन झाले की बहुतेक ॲडमिट, तीन किंवा जास्त झाले की गंभीर. बाबांचा एक गुण वयानेच झालाय. शुगर, हृदयाचं दुखणं असेल तर एका गुणावरही डॉक्टर ठेवून घेतात, त्यात त्यांचा धंदा शोधू नका.

जाताना चालू गोळ्यांची पाकिटं आणि जुना एक्स-रे असेल तर तोही घ्या. अँटिबायोटिक सुरू झालं तर बरं वाटलं म्हणून मध्येच स्वतःहून सोडू नका. एक्स-रेतला पॅच जायला सहा आठवडेही लागतात. बाबा सिगारेट ओढत असतील तर तेव्हा परत काढून घ्याच. आई आठव्या दिवशी घरी आली, पण वाड्याचा जिना चढताना दोन महिने मधल्या पायरीवर बसायची.