गप्प आहे म्हणजे तयार आहे?

प्रश्न: मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे. सहामाहीला गणितात 84, भौतिकशास्त्रात 58. गेले वर्षभर ती पिक्सार या अमेरिकन अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या चित्रपटांवर कॉम्प्युटरवर काहीतरी करत असते. लिंक सोबत देत आहे. मला स्वतःला चित्रकलेत जायचं होतं, इंटरमिजिएटला ए ग्रेड होती, पण वडिलांनी डी.एड.ला घातलं. तिच्या बाबतीत ती चूक करायची नाही असं आम्ही ठरवलं आहे. पुण्यातल्या एका संस्थेत तीन वर्षांच्या अ‍ॅनिमेशन कोर्ससाठी 15 हजार भरून जागा धरली आहे, बाकीचे पीएफमधून काढणार आहे. 100 टक्के प्लेसमेंट आहे. ती काही बोलत नाही, म्हणजे तिची तयारी आहे. संस्था चांगली आहे ना, एवढंच सांगावं.
– एक पालक, कराड (पत्र संक्षिप्त केलं आहे)

उत्तर: सर, संस्थेचं नंतर बघू. आधी तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला घशाखाली उतरत नाहीये: ‘ती काही बोलत नाही, म्हणजे तिची तयारी आहे.’

तुम्ही शिक्षक आहात. वर्गात ‘समजलं का?’ विचारल्यावर पसरणारी शांतता तुम्ही रोज ऐकता, आणि तिचा अर्थ ‘समजलं’ असा होत नाही हेही तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. मग घरातल्या शांततेचा अर्थ एवढ्या खात्रीने कसा लावलात?

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत दबाव ओळखायला सोपा असतो. इंजिनिअरच हो, डॉक्टरच हो, शेजारच्याचा बघ कुठे पोचला. अशा बापाशी भांडता तरी येतं. तुमचा दबाव प्रेमळ आहे, आणि म्हणून जास्त अवघड. स्वतःची पुंजी मोडून, मन मोठं करून ‘तुझ्या आवडीचं कर’ म्हणणाऱ्या बाबांना सतरा वर्षांची मुलगी कोणत्या तोंडाने सांगणार, की बाबा, माझी आवड ही नाही? तिला नकार द्यायला जागाच उरलेली नाही. तुमच्या वडिलांनी तुम्हाला विचारलं नव्हतं. तुम्हीही तिला विचारलेलं दिसत नाही. लांबलचक पत्रात तिचं म्हणून एकही वाक्य नाही. कडू वाटेल, पण चित्रकलेची इच्छा तुमची होती. ती तुम्ही आजही पुरी करू शकता, त्याला वयाची अट नाही. तिच्या प्रवेश अर्जावर मात्र ती लिहू नका.

आता लिंकबद्दल. ती मी उघडली आणि अर्धी दुपार त्यात गेली. तुम्ही ज्याला ‘काहीतरी’ म्हणता त्याला डॅशबोर्ड म्हणतात, म्हणजे आकडे तक्त्यांतून एका पडद्यावर मांडणं. टॅब्लो पब्लिक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरवर तिने 1995 च्या ‘टॉय स्टोरी’पासून 2024 च्या ‘इनसाइड आउट 2’पर्यंत पिक्सारचे 28 चित्रपट मांडले आहेत. वर्षाच्या स्तंभावर क्लिक केलं की बाकीचे तक्ते त्या वर्षापुरते होतात. एका बटणावर मूळ कथा आणि सिक्वेल वेगळे होतात. समीक्षकांचे गुण आणि कमाई यांच्या ठिपक्यांच्या आलेखात ‘कार्स 2’ एका बाजूला एकटाच पडलेला दिसतो: समीक्षकांनी झोडपला, तरी जगभरात 56 कोटी डॉलरच्या आसपास कमावून गेला.

पण हे तक्ते कुणीही शिकेल. मला थांबवलं ते दुसऱ्या गोष्टींनी. ‘सोल’, ‘लुका’ आणि ‘टर्निंग रेड’ हे तीन चित्रपट तिने राखाडी रंगात ठेवलेत आणि वर माउस नेला की टीप येते: ‘कोरोनाकाळात अमेरिकेत थेट ओटीटीवर. कमाई तुलनेत धरलेली नाही.’ आकड्यांच्याच नोकरीतले अनेक लोक इथे घसरतात. बाहेरच्या काही देशांतल्या थिएटरांचे आकडे मिळतात, ते तसेच चिकटवतात आणि चित्रपट ‘पडला’ म्हणून मोकळे होतात. दुसरी गोष्ट ऑस्करच्या रकान्याची. ‘टॉय स्टोरी’समोर तिने शून्य लिहिलेलं नाही, जागा कोरी ठेवली आहे. कारण सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्करच मुळात 2001 च्या चित्रपटांपासून सुरू झालं. नसलेल्या शर्यतीत कुणी हरत नाही. शून्य आणि कोरी जागा यांतला फरक तिला कळतो. हे तिला कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही.

तुमचा गैरसमज नेमका इथे आहे. पिक्सारचे चित्रपट दिसले आणि तुम्ही कल अ‍ॅनिमेशनचा धरलात. क्रिकेटचा स्कोअर लिहिणाऱ्याला आपण बॅट घेऊन मैदानात ढकलत नाही. अ‍ॅनिमेशन करणारं पोर वेगळं कळतं. वहीच्या समासात माणसं धावत असतात, मांजर उडी मारताना पाठ कशी वाकवतं ते दहादा बघतं, ब्लेंडर हे अ‍ॅनिमेशनचं मोफत सॉफ्टवेअर उतरवून घेऊन पडद्यावर चेंडू उसळवत बसतं. तुमच्या मुलीने वर्षभरात यातलं काय केलं? तुम्हीच पत्रात पुढे लिहिलंय की एलिमेंटरीला सी ग्रेड आल्यावर तिने इंटरमिजिएटला बसायला नकार दिला. तेव्हा ती बोलली होती की, सर! ग्रेडवरून कुणाची कला ठरत नाही हे मान्य. पण तिला चित्रपट कसा हलतो यात रस दिसत नाही. तो कसा चालला, का चालला, आणि आपण ज्याला ‘चालला’ म्हणतो ते बरोबर आहे का, यात तिचं डोकं रमतं. हा संख्याशास्त्राचा स्वभाव आहे.

उलट टोकाचा मोहही टाळा. हे वाचून उद्या ‘सहा महिन्यांत डेटा सायंटिस्ट’ वाल्या क्लासची पावती फाडू नका. सॉफ्टवेअर ती आपलं आपण शिकली आहे, त्यासाठी कुणाला लाख रुपये द्यायची गरज नाही. डॅशबोर्डचंच दुसरं सॉफ्टवेअर, पॉवर बीआय, तेही घरच्या विंडोज कॉम्प्युटरवर फुकट शिकता येतं. तिला लागेल ते पक्कं गणित, संभाव्यता, एसक्यूएल (साठवलेल्या माहितीतून हवं ते काढायची भाषा) आणि थोडं प्रोग्रॅमिंग.

वाटा नेहमीच्याच. बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स साताऱ्याला, कोल्हापूरला किंवा पुण्यात, पुढे एम.एस्सी.ला शिवाजी किंवा पुणे विद्यापीठ. गणिताची फार ओढ असेल तर इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या बी.स्टॅट.ची स्वतंत्र प्रवेश परीक्षा, ती कठीण असते. आणि आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बी.एस. डेटा सायन्स, ज्याला जेईई लागत नाही. भौतिकशास्त्रातल्या 58 चा यातल्या पहिल्या वाटेला अडथळा नाही.

संस्थेबद्दल विचारलंत म्हणून सांगते. ‘100 टक्के प्लेसमेंट’ हे शब्द दिसले की मी पुढचं वाचत नाही. मागच्या बॅचमधल्या मुलांचे फोन नंबर मागा, कोण कुठे आणि किती पगारावर लागलं ते त्यांनाच विचारा. नंबर द्यायला काचकूच केली तर उत्तर मिळालं. भरलेले 15 हजार परत मागा, मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर गेले असं समजा. ‘आता पैसे भरलेत’ या कारणासाठी तीन वर्षं भरायची नसतात. पीएफला हात लावू नका. आणि स्टाफरूममध्ये ‘लेक पिक्सारला जाणार’ असं सांगून झालंय, ते तुम्हीच निस्तरा. त्याचा भार तिच्यावर नको.

तिच्याशी बोलाल तेव्हा ‘तुला काय व्हायचंय’ असं विचारू नका, या वयात त्याचं खरं उत्तर फार कमी मुलांकडे असतं. शेजारी बसा आणि म्हणा, हे राखाडी ठिपके काय आहेत ते मला सांग. मग मध्ये बोलू नका. बोलून झाल्यावर तिला अ‍ॅनिमेशनच हवं असं निघालं, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. पण मग नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनची (एनआयडी) डीएटी आणि आयआयटींमधल्या डिझाइन पदवीसाठीची यूसीड या प्रवेश परीक्षांची माहिती आधी काढा, खासगी संस्था त्यानंतर.

आता थोडं तुझ्याशी, कारण हे तूही वाचशील. तुझ्या डॅशबोर्डवर वरच्या चौकटीतली एकूण कमाई आणि खालच्या स्तंभांची बेरीज जुळत नाही. साधारण 54 कोटी डॉलरचा फरक आहे, म्हणजे जवळपास ‘ब्रेव्ह’ची कमाई. त्या चित्रपटाच्या दिग्दर्शिका ब्रेंडा चॅपमन यांना निर्मितीच्या मध्येच बदललं आणि मार्क अँड्र्यूज आले. श्रेय दोघांनाही आहे. तू दिग्दर्शकांची यादी जोडलीस तेव्हा ‘ब्रेव्ह’च्या दोन ओळी झाल्या आणि कमाई दोनदा मोजली गेली. जोडण्याआधी आणि नंतर ओळी मोजायची सवय लाव. 28 ठिपक्यांवर ओढलेली ती भविष्याची रेषही काढून टाक, एवढ्याशा माहितीवर भाकीत करू नये. त्याऐवजी ‘एलिमेंटल’ची आठवड्यागणिक कमाई मांड. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत 3 कोटी डॉलरसुद्धा नाहीत, सगळे म्हणाले आपटला, आणि शेवटी जगभरात 50 कोटींच्या जवळ पोचला. एका आकड्यात हे दिसतच नाही.

ते झालं की कोयनेचा रोजचा पाणीसाठा घे. 105 टीएमसीचं धरण तुझ्या उशाशी आहे, पावसाळ्यात अख्खं कराड तो आकडा विचारत असतं. पिक्सारवर आधीच पुष्कळांनी डॅशबोर्ड केलेत, कोयनेवर तुझ्याइतक्या कळकळीने कोण करणार? आणि पुढचं पत्र तू स्वतः लिही.