कपारीपाशी थांबताना

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सहा डायव्ह झाल्या, लेपर्ड-स्पॉटेड गोबी हा मासा एकदाही दिसला नाही, आणि तुझ्या बडीला, म्हणजे डायव्हमधल्या जोडीदाराला, मात्र पहिल्याच खेपेला दिसला. आपली नजर कमी पडते का, असं तू विचारलं आहेस. नजर चांगली आहे तुझी. पण त्याच पत्रात तू लिहिलंस की दर वेळी पाण्याखालचा अख्खा कडा या टोकापासून त्या टोकापर्यंत पिंजून काढलास. माझ्या मते अडचण तिथंच आहे.

या माशाची गोष्ट आधी सांगतो. त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८३९ साली रिचर्ड थॉमस लोव या इंग्लिश धर्मगुरूने केलं, तेही मदेरा बेटावरून. त्याच्या शास्त्रीय नावातलं इफिप्पिएटस तेव्हाचंच. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ खोगीर चढवलेला. ब्रिटनच्या किनाऱ्यावर मात्र पुढे शंभराहून अधिक वर्षं तो अतिदुर्मीळ समजला गेला. प्लिमथला १८८८ पासून समुद्री जीवांची प्रयोगशाळा आहे. तिथल्या लोकांनी जाळी ओढली, ओहोटीची डबकी उलटीपालटी केली, तरी हा क्वचितच हाती लागला. उभ्या कड्याच्या फटीत जाळं शिरत नाही, आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांत हा फारसा राहत नाही. १९५३ मध्ये ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब निघाला, हौशी माणसं हवेची टाकी पाठीला बांधून पाण्याखाली जाऊ लागली, आणि हळूहळू कळलं की दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर योग्य जागी हा मासा चांगलाच नेहमीचा आहे. तो सगळा काळ तिथंच होता. मला या गोष्टीचं अजून नवल वाटतं, म्हणून नवीन माणसाला मी ती आधी सांगतो.

आता जागा. उभा कडा जिथं वाळू-गाळाच्या तळाला टेकतो, तो सांधा बघ. तिथं आडव्या फटी असतात, वर खडकाची वळचण आल्यासारखी. त्यांच्या तोंडाशी हा बसतो. ओहोटीच्या रेषेपासून ४० मीटरपर्यंत तो सापडतो, पण तुला खोल जायची गरज नाही. दहा-बारा मीटरवर भरपूर आहेत, आणि तिथं हवाही पुरते. केल्पच्या, म्हणजे मोठ्या समुद्री शेवाळाच्या, दाट रानात वेळ घालवू नकोस.

पोहत शोधलंस तर तुला दिसेल ती फक्त रिकामी फट. तू पोचायच्या आधीच तो मागे सरकलेला असतो. हा फार लांब पळत नाही, आपल्याच घरात दोन वीत आत जातो. म्हणून एकच फट निवड, हातभर अंतरावर थांब, आणि त्याला परत यायला वेळ दे. पाच मिनिटं तरी. पाण्याखाली पाच मिनिटं फार लांब वाटतात, मला ठाऊक आहे. पण त्या वेळात बाकीचं बघायला मिळतं: स्क्वॉट लॉब्स्टरची नांगी, कोळंबीचे डोळे, कधी आत वेटोळं घालून बसलेला कॉंगर, म्हणजे सापासारखा लांब ईल मासा. आणि मग ज्याला तू इतका वेळ खडकाचा रंग समजत होतीस, तो सरकतो.

टॉर्च सरळ आत मारू नकोस. झोत फटीच्या कडेवर ठेव आणि सांडलेल्या उजेडात बघ. टॉर्च हवाच, कारण पाणी लाल रंग आधी गिळतं. दहा मीटरवर त्याच्या अंगावरचे विटकरी-नारिंगी डाग नुसते काळपट दिसतात. उजेड पडला की फिकट निळसर-करड्या अंगावर ते असे उमटतात की बिबट्या आठवावाच. जेमतेम १३ सेंटिमीटरचा जीव!

थांबणं का जमत नाही, याचं खरं कारण मला थंडी वाटतं, आणि त्याबद्दल कोणी पुरेसं बोलत नाही. त्या किनाऱ्यावर मार्चमध्ये पाणी नऊ अंशांच्या आसपास असतं, उन्हाळ्याच्या शेवटी सोळा-सतरा. थंडी वाजली की माणूस नकळत हातपाय हलवतो, श्वास जोरात घेतो, बुडबुड्यांचा गडगडाट होतो, पायातला फिन तळाला लागून गाळ उठतो. त्यामुळे ड्रायसूटच्या, म्हणजे पाणी आत न येऊ देणाऱ्या पोशाखाच्या, आतले थर त्या दिवशी स्थिर बसायचं आहे असं धरून घाल. पोहायला पुरतील तेवढे कमी पडतात. शरीर तरतं ठेवायला शीक, म्हणजे हाताने खडक धरावा लागणार नाही. पाय किंचित वर, बेडकासारखी हलकी लाथ. आणि कापरं भरलं तर मासा बाहेर येत असला तरी वर ये. यात सूट नाही.

एक गोष्ट मी चुकीची केली आहे, ती सांगायलाच हवी. जून महिना होता. एक मासा कितीही जवळ गेलं तरी आत जाईना. मला वाटलं, हा धीट आहे. मी फोटोमागून फोटो काढले, फ्लॅशचा मारा केला. नंतर फोटो मोठा करून पाहिला तेव्हा त्याच्या मागे खडकाला चिकटलेली अंडी दिसली. मे ते जुलै हा त्यांचा विणीचा काळ, आणि गोब्यांमध्ये अंड्यांची राखण नर करतो. तो धीट नव्हता, त्याला जाता येत नव्हतं. त्या महिन्यांत कोणी हलेनासा झाला तर तूच मागे हो. एक फोटो पुरतो.

ओळखीत घोटाळा होईल तो बहुधा टॉम्पॉट ब्लेनी या माशाशी. त्याच्या डोळ्यांवर फांद्या फुटल्यासारखे तुरे असतात, आणि तो उलट तुला बघायला पुढे येतो. ब्लेनीच्या पाठीवर एकच लांब पर असतो, गोबीला दोन. आपल्या माशाच्या पहिल्या पराच्या मागच्या टोकाला काळा ठिपका असतो. तेवढं बघितलंस तर शंका उरत नाही.

सीसर्च या हौशी डायव्हरांच्या समुद्री जीव-नोंदणीचा फॉर्म भरायला लागलीस हे वाचून फार बरं वाटलं. खोली, वेळ, तळ कसा होता, सगळं लिही. बडीने पाहिला आणि तू नाही, तर तुझ्या यादीत तो घालू नकोस. तुझ्या सहा डायव्हच्या नोंदीही पाठव. त्यात बाकीचे चाळीस जीव आहेत, ते काय कमी आहेत?

पुढच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते त्या दिवसांत, पाणी थांबायच्या वेळी मी येतो. उधाणात तिथं स्थिर राहता येत नाही. पश्चिमेकडच्या घळीच्या पायथ्याशी एक फट मला माहीत आहे. तू पुढे राहा, मी तुझ्या डाव्या खांद्यामागे असेन, माझा टॉर्च बंद. दहा मिनिटं तिथंच. आतल्या थरांत एक जाड बनियन जास्त घाल.