‘गेट’चा अर्थ लावताना पुढचा शब्द बघा

परदेशी ग्राहकांना टॉवेल-चादरींबद्दल मेल लिहिताना इंग्रजी ‘गेट’ (get) कधी ‘मिळणे’, कधी ‘होणे’ तर कधी ‘करून घेणे’ कसं होतं, असं तुम्ही विचारलंय. डिक्शनरीतले सगळे अर्थ पाठ करत बसू नका. ‘गेट’च्या पुढे काय आलंय ते बघा, अर्थ तिथेच ठरतो.

पुढे नुसती वस्तू असेल तर मिळणे किंवा आणणे: ‘वी गॉट द सॅम्पल्स’. ठिकाण असेल तर पोहोचणे: ‘द ट्रक गॉट टू सोलापूर अ‍ॅट नाइन’. मात्र होम, हिअर, देअर यांच्याआधी ‘टू’ लावायचा नाही.

विशेषण आलं की बदल दिसतो. गठ्ठे वाटेत भिजले असतील तर ‘द बेल्स गॉट वेट इन ट्रान्झिट’ असंच लिहा. ‘वेअर वेट’ म्हणजे नुसतं ओले होते. समोरच्याला वाटेल, माल भरतानाच ओला होता. नुकसानभरपाई मागताना हे फार महागात पडतं.

सर्वांत जास्त चुका ‘करून घेणे’मध्ये होतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून सूत रंगवून आणलं, तर आपण मराठीच्या सवयीने ‘वी डाइड द यार्न फ्रॉम देम’ लिहितो. त्यातून रंगवणारे तुम्हीच ठरता. बरोबर वाक्य: ‘वी गॉट द यार्न डाइड’. आधी वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. ‘गॉट डाइड द यार्न’ हा क्रम चालत नाही. (‘डाइंग’च्या स्पेलिंगमध्ये ‘वाय’नंतरचा ‘ई’ गाळू नका, नाहीतर रंगवण्याचं मरण होतं.)

काम कोणाकडून करून घेतलं ते सांगायचं असेल तर माणसानंतर ‘टू’ हवा: ‘वी गॉट द डायर टू रीडू इट’. ‘हॅव’ वापरलात तर ‘टू’ जातो: ‘वी हॅड द डायर रीडू इट’. ‘गेट’मध्ये बऱ्याचदा मागे लागून, पटवून करून घेतल्याची छटा असते, ‘हॅव’मध्ये सरळ काम सांगितल्याची.

‘डिड’ आलं की मूळ रूप: ‘डिडन्ट गेट’, ‘डिडन्ट गॉट’ कधीच नाही. अमेरिकन ग्राहकाने ‘हॅव गॉटन’ लिहिलं तर ती चूक समजू नका, तिकडे तिसरं रूप तसंच आहे. ‘आय डिडन्ट गेट यू’ मात्र ग्राहकाला लिहू नका, तुटक वाटतं. ‘कुड यू प्लीज क्लॅरिफाय’ लिहा. पैसे किंवा कागदपत्रं मिळाल्याची पोच देताना ‘गॉट’ऐवजी ‘रिसीव्ह्ड’ बरं.