मेम्ब्रेन चोंदलं, भुर्दंड सोसायटीनेच का भरायचा?

सचिव महोदय, नमस्कार.

तुमची अडचण अशी: बोअरवेलच्या पाण्यासाठी सोसायटीने आरओ प्लांट बसवला; त्यातलं मेम्ब्रेन म्हणजे पाण्यातले क्षार गाळणारा पडदा. वार्षिक देखभाल करारात कंत्राटदाराने सेन्सर लावून 'मेम्ब्रेन धुण्याची वेळ येण्याआधी कळवू' असं लिहून दिलं. आठ महिन्यांत पाणी निम्म्यावर आलं. आता तो म्हणतो, तुमच्या माणसाने अँटिस्केलंट (मेम्ब्रेनवर क्षार साचू न देणारं रसायन) भरलं नाही, नव्या मेम्ब्रेनचे साडेतीन लाख भरा. करारात 'आमचा निष्कर्ष अंतिम' असंही कलम आहे.

त्या कलमाला घाबरू नका. त्यामुळे ग्राहक आयोगाचे दरवाजे बंद होत नाहीत. माझ्या मते तुमची बाजू वेगळ्याच जागी भक्कम आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(11) नुसार ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं ही सेवेतली त्रुटी ठरते. मेम्ब्रेन एका रात्रीत चोंदत नाही. तापमानाचा हिशेब धरून प्रवाह 10 ते 15 टक्के घटला की रासायनिक धुलाई करावी, हा या धंद्यातला सर्वमान्य नियम. निम्म्यावर येईपर्यंत सेन्सर काय दाखवत होते आणि तुम्हाला का कळवलं नाही, हाच खरा प्रश्न आहे.

म्हणून आजच लेखी नोटीस पाठवून दाब, प्रवाह, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) आणि तापमानाच्या सगळ्या नोंदी मागा. दिल्या नाहीत तर कलम 38(9) खाली आयोग त्या हजर करायला लावू शकतो. तापमान विसरू नका. पाणी एक अंशाने थंड झालं की प्रवाह साधारण 3 टक्के घटतो, त्यामुळे थंडीतली घट चोंदण्याच्या खात्यात टाकता येत नाही. क्लोरीनने खराब झालेलं मेम्ब्रेन तर उलट वागतं: प्रवाह वाढतो आणि टीडीएसही चढतो. म्हणजे दोष कोणाचा, याचं बरंचसं उत्तर आकड्यांतच असतं.

तुमचं लॉगबुकही नीट तपासा. अँटिस्केलंटची टाकी खरोखरच आठवडेच्या आठवडे रिकामी असेल, तर नुकसानीचा काही वाटा सोसायटीकडे येईल. हे मला आत्ताच सांगायला हवं. पण टाकी रिकामी असल्याचं सेन्सरवर दिसत असूनही कंत्राटदार गप्प बसला असेल, तर तोही सुटत नाही.

जुनी मेम्ब्रेन भंगारात देऊ नका. पंचनामा करून, फोटो काढून, निदान एक तरी ओली आणि सीलबंद ठेवा, म्हणजे प्रयोगशाळेत तपासता येईल. मोबाइलवरच्या नोंदी पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडा.

व्यवस्थापन समितीच्या ठरावाने तुम्हाला अधिकार द्यावा लागेल. सेवेसाठी दिलेला मोबदला 50 लाखांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगात करायची. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. मात्र करारच अनुचित आहे अशी स्वतंत्र तक्रार राज्य आयोगाकडे जाते, म्हणून सेवेतल्या त्रुटीवरच भर द्या.

निकालापर्यंत रहिवाशांना पाण्याविना ठेवू नका. नवी मेम्ब्रेन बसवा, त्याच कंत्राटदाराला पैसे द्यावे लागले तर 'हक्क राखून, हरकतीसह' असं पत्रात लिहूनच द्या, आणि पक्कं बिल घ्या.